परंगीमलैच्या पायथ्याशी : ख्रिस्ती श्रद्धा, लोककला आणि सार्वजनिक जीवन

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील गिंडी हे नाव महाराष्ट्रातील वाचकांना राष्ट्रीय उद्यान, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्यालगतची आयआयटी यांमुळे परिचित आहे. राज्यपालांचे निवासस्थान आणि महात्मा गांधींचे स्मारकही याच परिसरात आहे. मात्र या परिसराची आणखी एक ओळख आहे आणि ती या सर्वांहून जुनी आहे. गिंडीच्या एका बाजूला अड्यार नदीकाठी चिन्नमलै म्हणजे 'लहान टेकडी' आहे, तर दुसऱ्या बाजूला परंगीमलै म्हणजेच सेंट थॉमस माउंट आहे. उपनगरी रेल्वेने तांबरमच्या दिशेने जाताना गिंडीनंतरचे स्थानक याच टेकडीच्या नावाचे आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक असलेला थॉमस, ज्याला मराठी बायबलमध्ये थोमा म्हटले आहे, या दोन टेकड्यांच्या परिसरात राहिला आणि येथेच त्याला हौतात्म्य आले, अशी दक्षिण भारतातील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे.

'परंगी' हा शब्द मराठी माणसाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील 'फिरंगी' आणि तमिळमधील 'परंगी' यांचे मूळ एकच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज येथे आल्यानंतर टेकडीला हे नाव रूढ झाले. भारतातील ख्रिस्ती धर्माची सर्वांत जुनी स्मृती जिच्याशी जोडलेली आहे, ती टेकडी लोकांच्या बोलण्यात मात्र परक्यांची टेकडी झाली. ही श्रद्धा आपली की परकी, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत गीत, नाटक, चित्रपट, राजकारण आणि न्यायाच्या मागण्या अशा अनेक रूपांत पुढे येत राहिला आहे. या प्रश्नाला ख्रिस्ती समाजातील कवी, गायक आणि विचारवंतांनी कोणती उत्तरे दिली आणि त्या उत्तरांवरून त्यांच्यातच कोणते मतभेद झाले, हे समजून घेण्यासाठी गिंडीपासून प्रारंभ करणे उपयुक्त ठरते.

परंपरा आणि इतिहास

परंपरेनुसार थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि सन ७२ मध्ये आजच्या चेन्नई परिसरात त्याचा मृत्यू झाला. चिन्नमलै येथील गुहेत तो राहत असे, असे सांगितले जाते. सांथोम येथील बॅसिलिका त्याच्या समाधीस्थानी उभी असल्याचे मानले जाते. या घटनांना समकालीन लेखी पुरावा उपलब्ध नसल्याने थॉमसच्या दक्षिण भारतातील वास्तव्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. त्याच्या भारतयात्रेची कथा सांगणारा सीरियाक भाषेतील ग्रंथ तिसऱ्या शतकातील मानला जातो आणि त्यात उल्लेखलेला राजा गोंडोफरनेस हा वायव्येकडील प्रदेशाचा होता.

परंतु परंपरा सिद्ध झाली नाही म्हणून या स्थळाचे प्राचीनत्व कमी होत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या किनाऱ्यावरील संताच्या समाधीचा उल्लेख केला आहे. तेथे ख्रिस्ती यात्रेकरूंबरोबर मुस्लीम भाविकही येतात आणि तेथील माती औषध म्हणून घेऊन जातात, असे त्याने नोंदवले आहे. परंगीमलैवर सन १५४७ मध्ये बांधकामाच्या वेळी एक कोरीव दगडी क्रूस सापडला. त्यावरील लेख पहलवी म्हणजे मध्ययुगीन पर्शियन भाषेत आहे. अशाच प्रकारचे क्रूस केरळमध्येही आहेत. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी पर्शियाशी संबंध असलेला ख्रिस्ती समाज या किनाऱ्यावर होता, याची ती साक्ष आहे. अठराव्या शतकात कोजा पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने टेकडीवर जाण्यासाठी पायऱ्या बांधून दिल्या आणि सन १७२६ मध्ये जवळच अड्यार नदीवर पूलही बांधला. दरवर्षी १८ डिसेंबर रोजी टेकडीवरील चर्चचा उत्सव साजरा होतो.

बायबलमधील थॉमस हा संशय घेणारा शिष्य म्हणून ओळखला जातो. ख्रिस्त पुन्हा उठला आहे, हे इतरांनी सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. जखमांच्या खुणा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि त्यांना स्पर्श केल्याशिवाय मी मानणार नाही, अशी त्याची भूमिका होती. योहानाच्या शुभवर्तमानात या संशयाबद्दल त्याला हाकलून दिलेले नाही, तर त्याला खुणा दाखवण्यात आल्या आहेत. आपल्या देशातील ख्रिस्ती श्रद्धेची कथा ज्या शिष्याशी जोडली गेली, तो प्रश्न विचारणारा होता, याकडे येथील अनेक धर्मोपदेशक आवर्जून लक्ष वेधतात.

सार्वजनिक मान्यता

स्वतंत्र भारतात या परंपरेची सार्वजनिक पातळीवर दखल घेतली गेली. सन १९६४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती आणि त्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले होते. त्या वर्षी भारतीय टपाल खात्याने संत थॉमस यांच्यावर टपाल तिकीट काढले. सन १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चेन्नईला भेट दिली, तेव्हा त्यांनी परंगीमलैवर जाऊन प्रार्थना केली.

तमिळनाडूतील राजकीय जीवनात मात्र ख्रिस्ती धर्मोपदेशकांना अधिक ठळक स्थान मिळाले, ते धर्मामुळे नव्हे तर भाषेमुळे. सन १९६८ मध्ये चेन्नई येथे दुसरी जागतिक तमिळ परिषद झाली. त्या निमित्ताने मरीना किनाऱ्यावर तमिळच्या सेवकांचे पुतळे उभारण्यात आले. त्यात वीरमामुनिवर या नावाने ओळखले जाणारे इटालियन जेझुईट बेस्की, द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे रॉबर्ट कॉल्डवेल आणि तिरुक्कुरळचे इंग्रजी भाषांतरकार जी. यू. पोप या तिघांचा समावेश आहे. तिघेही परदेशी आणि तिघेही धर्मप्रसारक होते. तरीही नास्तिक विचारांचा वारसा सांगणाऱ्या द्रविड चळवळीच्या राजवटीत त्यांचे पुतळे उभे राहिले. भाषा आत्मसात केली की परकेपण किती प्रमाणात मागे पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तंजावरचे दोन सहाध्यायी

श्रद्धा आणि लोककला यांच्या संबंधाचा विचार करताना चेन्नईहून तंजावरकडे वळावे लागते. या ठिकाणी मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा संबंध आढळतो. तंजावरचे भोसले राजे तुळजाजी यांनी सन १७८७ मध्ये सरफोजी यांना दत्तक घेतले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर सोपवली. याच श्वार्ट्झने तिरुनेलवेली भागातील वेदनायगम नावाच्या एका ख्रिस्ती मुलालाही तंजावरला आणले होते. एक पुढे राजा झाला आणि दुसरा तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री म्हणून प्रसिद्ध झाला.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदू राहिले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सन १८०३ मध्ये भोसले कुळाचा विस्तृत इतिहास त्यांनीच मराठीत कोरवून घेतला. मात्र आपल्या गुरूविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही. श्वार्ट्झच्या मृत्युशय्येजवळ उभे असलेले सरफोजी दाखवणारे संगमरवरी शिल्प त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते आजही तंजावर येथील चर्चमध्ये आहे.

या दोन सहाध्यायांनी एकाच लोकनाट्यप्रकाराचा उपयोग केला, ही बाब लक्षणीय आहे. कुरवंजी हा तमिळमधील लोकप्रिय नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात नायिका मिरवणुकीत देवाला किंवा राजाला पाहते आणि त्याच्या प्रेमात पडते. मग डोंगरातून आलेली कुरत्ती म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री तिचा हात पाहून मीलनाचे भाकीत करते. ही कुरत्ती आपण हिंडलेल्या देशांचे वर्णनही करते. सरफोजींच्या नावावर असलेली 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत आहे आणि तिच्यातील कुरत्ती जगाचा आधुनिक भूगोल सांगते. वेदनायगम यांनी सुमारे त्याच काळात 'बेथलेहेम कुरवंजी' रचली. तिच्यात नायिका ख्रिस्तावर मोहित झाली आहे, कुरत्ती श्रद्धेचे रूप घेऊन आली आहे आणि तिचा पक्षी पकडणारा साथीदार हे धर्मोपदेशकाचे रूपक आहे. सोंगातून अध्यात्म सांगण्याची ही पद्धत एकनाथांच्या भारुडांशी परिचित असलेल्या वाचकाला नवी वाटणार नाही.

तंजावरच्या मराठी राजवटीमुळे दक्षिणेत आणखी एक गोष्ट गेली. महाराष्ट्रातील कीर्तनाच्या प्रभावाने तमिळ हरिकथेला एकोणिसाव्या शतकात नवे रूप आले आणि साकी, दिंडी यांसारखी मराठी वृत्ते तेथील कथाकारांनी स्वीकारली. तमिळ ख्रिस्ती समाजानेही हा प्रकार आपलासा केला. वाद्यांच्या साथीने बायबलमधील प्रसंग गाऊन सांगण्याची ख्रिस्ती कालक्षेपाची परंपरा तेथे रुजली. म्हणजे मराठी कीर्तनाचा एक प्रवाह तमिळनाडूतील चर्चच्या अंगणापर्यंत पोहोचला, असे म्हणता येते.

देवाला कोणत्या शब्दाने हाक मारावी

लोकांच्या भाषेत श्रद्धा सांगायची तर पहिला प्रश्न शब्दांचा येतो. भाषांतराचे काम करणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचे गांभीर्य सहज उमगेल. तमिळ ख्रिस्ती साहित्यात ईश्वरासाठी सर्वेसुरन, पराबरन, देवन, कडवुळ असे वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या काळात आणि पंथांत वापरले गेले. प्रत्येक शब्दाला आधीच्या धार्मिक परंपरेचा अर्थ चिकटलेला होता. संस्कृतप्रचुर शब्द भारदस्त वाटे, परंतु तो सामान्य माणसापासून दूर होता. लोकांच्या तोंडचा शब्द जवळचा होता, परंतु त्यामुळे गैरसमज होईल अशी भीती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नव्या धर्मोपदेशकांनी बायबलचे जुने भाषांतर बदलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वेदनायगम शास्त्री यांनी त्याला तीव्र विरोध केला. परदेशी माणसाने आमच्या प्रार्थनेची भाषा का बदलावी, हा त्या विरोधाचा आशय होता. एका पिढीपूर्वी जे भाषांतर परके होते, ते दुसऱ्या पिढीला इतके आपले वाटू लागले होते.

मराठीतही हा प्रश्न आला. श्रीरामपूर येथील मिशनने सन १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. त्यानंतर अनेक सुधारणा झाल्या. पंडिता रमाबाई यांना मात्र उपलब्ध भाषांतर सामान्य स्त्रियांना समजण्याजोगे वाटले नाही. संस्कृतचे पांडित्य असूनही त्यांनी सोप्या मराठीचा आग्रह धरला, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे भाषांतरात घालवली. सन १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रंगभूमी, रुपेरी पडदा आणि यात्रा

विसाव्या शतकात लोककलेची जागा मोठ्या प्रमाणावर चित्रपटाने घेतली. तमिळ चित्रपटात ख्रिस्ती विषय अपवादात्मक नव्हते. सन १९४८ मध्ये 'ज्ञानसौंदरी' ही ख्रिस्ती वातावरणातील कथा एकाच वेळी दोन निर्मितीसंस्थांनी पडद्यावर आणली. सावत्र आईने छळलेल्या राजकन्येची ही गोष्ट होती. मेरीमातेची करुणा हा तिचा केंद्रबिंदू होता, तरीही ती सर्व धर्मांच्या प्रेक्षकांनी पाहिली. सन १९७१ मध्ये 'अन्नै वेळांकन्नी' हा चित्रपट आला. त्यात जेमिनी गणेशन आणि जयललिता यांच्या भूमिका होत्या. सन १९७२ च्या 'ज्ञान ओळी'मध्ये शिवाजी गणेशन यांनी चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या माणसाची भूमिका केली.

ज्या वेळांकन्नीवर चित्रपट निघाला, ते नागपट्टिनमजवळील तीर्थक्षेत्र लोकश्रद्धेचे मोठे केंद्र आहे. दरवर्षी २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात तेथे उत्सव असतो. भगवी वस्त्रे नेसून पायी चालत जाणे, मुंडण करणे, अपत्यप्राप्तीसाठी पाळणा बांधणे, बऱ्या झालेल्या अवयवाची छोटी प्रतिमा अर्पण करणे अशा प्रथा तेथे दिसतात. भाविकांत हिंदूंची संख्या मोठी असते. मुंबईत वांद्रे येथील मोत माउलीच्या जत्रेत मेणाच्या बाहुल्या, घरे आणि हातपाय वाहिले जातात, त्याच्याशी याचे साम्य आहे. वारीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात पायी यात्रेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

या लोकश्रद्धेविषयी ख्रिस्ती विचारवंतांत दोन मते आहेत. काहींना ती अंधश्रद्धेकडे झुकणारी वाटते, तर इतरांच्या मते गरीब माणसाला धर्मग्रंथापेक्षा नवसाची भाषा आधी समजते आणि चर्चने ती तुच्छ मानू नये. सन १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत स्थानिक भाषा वापरण्यास परवानगी दिली. त्यानंतर सन १९६९ मध्ये भारतातील कॅथलिक उपासनेत पंचांग प्रणाम, आरती, समई यांसारख्या भारतीय पद्धतींना मान्यता मिळाली. त्याचे स्वागत झाले, तसेच त्यावर टीकाही झाली.

संगीत कोणाचे?

ऑगस्ट २०१८ मध्ये चेन्नईत या प्रश्नाने तीव्र रूप धारण केले. कर्नाटक संगीतातील गायक ओ. एस. अरुण यांचा ख्रिस्ती गीतांचा कार्यक्रम जाहीर झाला होता. त्यागराजांसारख्या संतरचनाकारांच्या कृतींमधील शब्द बदलून त्या ख्रिस्ती प्रचारासाठी वापरल्या जात आहेत, असा आरोप समाजमाध्यमांतून झाला. आणखी काही नामवंत गायकांनाही लक्ष्य करण्यात आले. अरुण यांनी कार्यक्रमातून माघार घेतली. त्यानंतर गायक टी. एम. कृष्णा यांनी येशू किंवा अल्ला यांच्यावरील एक कर्नाटक रचना दर महिन्याला प्रसिद्ध करण्याची घोषणा केली.

या वादातील दोन्ही बाजू नीट समजून घेणे आवश्यक आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते त्यागराजांची कृती म्हणजे केवळ स्वरांचा आराखडा नाही. ती रामभक्तीतून जन्मलेली आहे आणि तिच्यातून राम काढून दुसरे नाव घालणे हा भक्ताच्या भावनेचा अवमान आहे. एखाद्या संताचा अभंग घेऊन त्यातील विठ्ठलाचे नाव बदलले, तर वारकऱ्याला काय वाटेल, याचा विचार केल्यास ही भावना समजू शकते. एखाद्याची रचना तशीच उचलून तिच्यातील देव बदलणे आणि त्याच रागतालात स्वतंत्र रचना करणे, यात निश्चितच फरक आहे.

परंतु राग आणि ताल ही एकाच धर्माची मालमत्ता आहे, असा दावा केला जातो, तेव्हा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. कर्नाटक संगीताच्या मैफलीत आज अपरिहार्य मानले जाणारे व्हायोलिन युरोपातून आले. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी हे ते वाद्य शिकणाऱ्या पहिल्या कलावंतांपैकी एक होते. खुद्द दीक्षितांनी इंग्रजी बँडच्या धुनींवर संस्कृत स्तुतिरचना केल्या. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली होती.

तमिळ ख्रिस्ती रचनाकारांचा वाटाही नवा नाही. मायुरम येथे मुन्सफ असलेले वेदनायगम पिळ्ळै हे कॅथलिक होते. सन १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 'प्रताप मुदलियार चरित्रम्' ही तमिळमधील पहिली कादंबरी मानली जाते. त्यांनी सर्व धर्मांना एकत्र आणणारी कीर्तने रचली आणि त्यांतील काही आजही कर्नाटक मैफलींत गायली जातात. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना रचनाकाराचा धर्म माहीतही नसतो. तंजावरचे अब्राहम पंडितर यांनी सन १९१७ मध्ये 'करुणामृत सागरम्' हा संगीतशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यापूर्वी स्वखर्चाने संगीत परिषदा भरवल्या. ते ख्रिस्ती होते आणि संगीताचे अभ्यासक होते. त्यांना या दोन ओळखींत विरोध वाटला नाही.

ढोलाचा प्रश्न

मात्र येथे कथा संपत नाही. ख्रिस्ती श्रद्धेने भारतीय रूप घेतले, असे म्हणताना कोणते भारतीय रूप, असा प्रश्न चर्चच्या आतूनच विचारला गेला. तमिळनाडूतील ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा दलित आहे. त्यांच्यासाठी कर्नाटक राग, संस्कृत शब्द आणि दरबारी नृत्यनाट्य ही स्वतःची संस्कृती नव्हती. ज्यांनी त्यांना गावाबाहेर ठेवले, त्यांची ती संस्कृती होती.

वेदनायगम शास्त्री यांच्या जीवनात याची दुसरी बाजू दिसते. नव्या धर्मोपदेशकांनी चर्चमध्ये सर्व जातींनी एकत्र बसावे आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावे असा आग्रह धरला. त्या वेळी तंजावरच्या या थोर कवीने जातीच्या वेगळेपणाचे समर्थन केले. प्रार्थनेची भाषा आपली असावी हा त्यांचा आग्रह आणि जातीची प्रथाही आपलीच आहे हा त्यांचा दावा, दोन्ही एकाच भूमिकेतून आले होते. संस्कृती स्वीकारताना तिच्यातील विषमताही आत येऊ शकते, हा इशारा या प्रसंगातून मिळतो. तिरुच्चिरापल्ली येथील एका ख्रिस्ती दफनभूमीत जातींना वेगळे करणारी भिंत होती आणि तिच्याविरुद्ध विसाव्या व एकविसाव्या शतकातही आंदोलने करावी लागली.

या परिस्थितीतून दलित ईश्वरविज्ञान ही विचारधारा पुढे आली. तिचे एक आद्य प्रवर्तक अरविंद निर्मल हे मूळचे महाराष्ट्रातील होते. सन १९८१ मध्ये बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील भाषणात त्यांनी भारतीय ख्रिस्ती चिंतन उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाशी संवाद साधण्यात गुंतले असल्याची टीका केली. पुढे चेन्नईतील गुरुकुल या लुथरन ईश्वरविज्ञान महाविद्यालयात त्यांनी या विषयाचा विभाग सांभाळला. दुःख सोसणारा, नाकारला गेलेला ख्रिस्त हा दलितांच्या अनुभवातूनच खऱ्या अर्थाने समजतो, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

मदुराई येथील ईश्वरविज्ञान महाविद्यालयात शिकवणारे थिओफिलस अप्पावू यांनी हाच विचार संगीतात आणला. त्यांनी उपासनेची गीते शेतमजुरांच्या बोलीत आणि लोकधुनींत रचली. ज्या परै ढोलाला अंत्ययात्रेशी आणि अस्पृश्यतेशी जोडून हीन मानले जाई, त्याला त्यांनी प्रार्थनेत स्थान दिले. ज्या वाद्यामुळे माणसाला बाटलेला ठरवले गेले, तेच वाद्य देवापुढे वाजले, तर वाजवणाऱ्याची मान ताठ होते, असा त्यामागील हेतू होता. हलगीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातील अर्थ वेगळा सांगायला नको.

हा प्रश्न कायद्याच्या क्षेत्रातही आहे. सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता. सन १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. धर्म बदलल्याने जात सुटत नाही, असे सांगत ख्रिस्ती दलितांनी हा दर्जा मागितला. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असा प्रतिवाद त्यावर करण्यात आला. सन २०२२ मध्ये केंद्र सरकारने या विषयाच्या अभ्यासासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

महाराष्ट्राचा अनुभव

सन २०११ च्या जनगणनेनुसार तमिळनाडूत ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ६ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे १ टक्का होती. संख्या कमी असली तरी मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा मोठी आहे. इंग्रज जेझुईट थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' सन १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे काव्य पुराणाच्या पद्धतीने ख्रिस्तकथा सांगते. तंजावरच्या कुरवंजीपूर्वी सुमारे दोन शतके, मराठीत असा प्रयोग झाला होता.

अहमदनगर भागात एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली. सन १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन यांतून आपली श्रद्धा मांडली. वारकरी संतांचा वारसा सोडून ख्रिस्ताकडे जावे लागते, असे त्यांना वाटले नाही. सन १९१७ मध्ये त्यांनी चर्चच्या चौकटीबाहेर 'देवाचा दरबार' या नावाने सर्वांना खुली अशी भक्तमंडळी सुरू केली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून धर्मांतराने एका घरात झालेली ताटातूट आणि पुन्हा जुळलेला संसार मराठी वाचकांच्या मनात कायमचा राहिला. सन १९८२ मध्ये विजया मेहता यांनी त्यावर केलेल्या चित्रपटामुळे ही कथा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पोहोचली. धर्मांतराच्या गोष्टीकडे वाद म्हणून न पाहता एका स्त्रीचे जगणे म्हणून पाहणे त्यामुळे अनेकांना शक्य झाले.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाणी, जमीन आणि झाडे वाचवण्याच्या लोकचळवळीत भाग घेतला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला धर्माच्या कारणावरून विरोध झाला, तरी संमेलन पार पडले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. एका धर्मगुरूला मराठी सारस्वताने अध्यक्षपद दिले, हे मरीनावरील पुतळ्यांची आठवण करून देणारे आहे. फरक इतकाच की दिब्रिटो परदेशातून आलेले नव्हते. ते वसईच्याच मातीतले होते आणि तरीही त्यांना आपलेपण सिद्ध करावे लागले.

समारोप

गिंडीच्या परिसरातून दिसणाऱ्या या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा या भूमीत जिथे टिकली, तिथे ती लोकांची भाषा, लोकांचे संगीत आणि लोकांच्या यात्रा स्वीकारूनच टिकली. कुरवंजी, कालक्षेप, ओवी, अभंग आणि चित्रपट ही केवळ प्रचाराची साधने राहिली नाहीत. त्यांतून श्रद्धेचा आशयही घडत गेला. दुसरी गोष्ट अशी की आपलेपणाचा दावा करताना 'आपण' या शब्दात कोण येते, हे तपासावे लागते. राजदरबारातील राग आपला आणि वेशीबाहेरचा ढोल परका, असे म्हटले, तर प्रश्न सुटत नाही. तो फक्त चर्चच्या आत जातो.

सन २०१८ च्या वादानंतरही चेन्नईत ख्रिस्ती कीर्तने गायली जात आहेत आणि वेदनायगम पिळ्ळै यांच्या रचना मैफलींत ऐकू येतात. दलित ख्रिस्ती गायकांचे परै ढोलही वाजत आहेत. दरवर्षी १८ डिसेंबरला परंगीमलैच्या पायऱ्या चढून जाणाऱ्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक असतात. टेकडीवरील क्रूसाचा लेख त्यांच्यापैकी कोणालाही वाचता येत नाही. तरीही बरे होण्याची, अपत्याची, नोकरीची प्रार्थना प्रत्येक जण स्वतःच्या भाषेत करत असतो.